धाकटीच्या पॉलिसीवर आलेलं मशीन

धाकट्या बहिणीचं बरं झालं की माझ्या पोटात दुखतं. तिने पार्लरसाठी नव्या खुर्च्या आणल्या, त्या दिवशी मी कौतुक करायला म्हणून गेले आणि एखाद्या खुर्चीला ओरखडा आहे का ते बघून आले. नव्हता.

"कर्ज कुणाकडून काढलंस?" मी विचारलं.

"कुणाकडून कशाला? माझ्याच पॉलिसीवर."

ती पॉलिसी! आम्ही दोघी नुकत्याच कमवायला लागलो होतो, तेव्हा एजंटकाका आईकडे आले होते. आयुष्यभराचा विमा, हप्ते भरत राहायचं, आत पैसे साठत जातात, अडीनडीला त्यावर कर्ज मिळतं. "म्हणजे पैसे बघायला मरावं लागणार नाही ना, काका?" असं म्हणून मी सगळ्यांना हसवलं होतं. धाकटीही हसली आणि हसत हसत सही करून मोकळी झाली. मी त्या हप्त्याच्या पैशांत सोफा घेतला. तो केव्हाच भंगारात गेला.

त्याच महिन्यात माझ्या लाँड्रीतलं वाफेवरचं इस्त्रीचं मशीन बंद पडलं. हॉटेलच्या चादरी त्याच्यावर व्हायच्या आणि माझं दुकान त्या चादरींवर चालायचं. हॉटेलच्या मॅनेजरने आठवड्याची मुदत दिली, नाहीतर काम दुसरीकडे. बँकेने जामीनदार मागितला. मग मला वाटलं, त्यात काय एवढं? आपणही पॉलिसी काढू. एजंटकाका आता काठी टेकत चालतात, तरी मी त्यांना गाठलंच.

"काका, आज पॉलिसी काढते. उद्या त्यावर कर्ज द्या."

काकांनी चष्मा काढून पुसला. "अगं, आत काही साठलंच नाही तर कर्ज कशावर देणार? आधी काही वर्षं भर. बहिणीने भरले तसे."

बहिणीने भरले तसे! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

काकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसऱ्याच दिवशी धाकटी स्कूटरवरून दुकानात हजर.

"ताई, माझ्या पॉलिसीवर अजून थोडं कर्ज निघतंय. मशीन घेऊन टाक."

तिने टोमणा मारला असता तर भांडले तरी असते. पण तिचा आवाज अगदी साधा होता, आणि माझ्यामागे हॉटेलच्या चादरींचे गठ्ठे तसेच पडले होते. मी खाली मान घालून हो म्हटलं.

"व्याज तू परस्पर कंपनीत भर, मुद्दल जमेल तसं," ती म्हणाली. "फक्त एक लक्षात ठेव. फिटायच्या आत माझं काही बरंवाईट झालं, तर उरलेलं कर्ज माझ्या लेकीला मिळायच्या पैशांतून कापतील."

एवढं बोलून, डोक्यावर हेल्मेट नाही की काही नाही, ती भुर्रकन निघून गेली.

मशीन आलं, हॉटेलचं काम टिकलं आणि माझा जीव टांगणीला लागला. ती खोकली की मी डॉक्टरांचा नंबर लावते. पार्लरची फरशी ओली दिसली की पोछा घेऊन धावते. जिच्या खुर्चीवर मी ओरखडा शोधला, तिला साधं खरचटू नये म्हणून मीच मरमर करतेय. शेवटी परवा हेल्मेट घेतलं, तेही दुकानातलं सगळ्यात महाग, आणि थेट पार्लरमध्ये गेले.

"घाल. निमूट घाल."

धाकटी खुर्चीतल्या बाईंना म्हणाली, "बघा, ताईचा माझ्यावर किती जीव आहे."

"जीव कसला! तुझ्या लेकीचं नुकसान माझ्या माथी नको म्हणून."

सगळ्या हसल्या. धाकटीही हसली. तिच्या हनुवटीखाली पट्टा लावून मी तो दोनदा ओढून बघितला. ती नुसती मान वर करून लहानपणी वेणी घालून घ्यायची तशी उभी राहिली.

कर्ज मी लवकरच फेडणार आहे. पण ते फिटल्यावरही मी हेल्मेटसाठी तिच्या मागे ओरडत धावणार, हे मला त्या क्षणी कळलं. म्हणजे माझा जीवही शेवटी तिलाच मिळाला.