कल्याणप्पांनी ऐकलेली फाइल

मुरुम गावच्या वर्षाराणीच्या एम.टेक.च्या प्रबंधात एकच काम उरलं होतं. धरणाची दारं उघडली की पाणी खाली किती जोरानं आपटतं, ते संगणकावर सिम्युलेशन चालवून दाखवायचं. पण सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन टाकल्यापासून चार दिवस ते चालेचना. कमांड दिली की एकच उत्तर, प्रोग्रॅमला लागणारी लायब्ररी सापडत नाही. दोनदा काढून पुन्हा टाकलं, तरी तेच. सोमवारी सरांना आकडे द्यायचे होते.

"कल्याणप्पांकडं जा की," आई म्हणाली. "साखर कारखान्यात कंप्युटरवर तीस वर्सं काढली त्यांनी."

"आई, त्यांना आता दिसत न्हाय."

"कानानं तर ऐकतेत."

कल्याणप्पा ओसरीवरच बसले होते. आठ वर्षांपूर्वी मधुमेहानं त्यांची नजर गेली होती. वर्षाराणीनं शेजारी बसून लॅपटॉप उघडला आणि संकोचतच सगळं सांगितलं. ते जरा सावरून बसले.

"तुझ्या होम फोल्डरात टिंबानं सुरू होणारी एक फाइल असती, बॅशआरसी. टर्मिनल, म्हंजे कमांड द्यायची खिडकी, उघडली की कंप्युटर आधी ती वाचतो. उघड ती. वरपासून वाच, टिंबसुद्धा सोडू नको."

शंभरावर ओळी होत्या. ती वाचत गेली. आपण या माणसाला उगीच शिणवतोय, असं तिला वाटत होतं. पण त्यांची बोटं मांडीवर कळा दाबल्यासारखी हलत होती.

शेवटच्या ओळीला त्यांनी हात वर केला. "इथं कुठलं व्हर्जन म्हणालीस?"

"दहा."

"आन् वर तर बारा वाचलंस."

वर्षाराणीनं वर जाऊन पाहिलं. बारा होतंच. खालची दहाची ओळ तिनंच दोन वर्षांपूर्वी लिहिली होती, आणि पार विसरून गेली होती.

"नवं वर बोलावलंस, जुनं खाली. जे शेवटी येतं तेच पाथमध्ये, म्हंजे कंप्युटर प्रोग्रॅम जिथं शोधतो त्या यादीत, पुढं बसतं. कमांड जुन्या फोल्डरात जाती, आन् जुनं तू अर्धंच काढलंस. सॉफ्टवेअर कितीदा टाकलं तरी ही फाइल तशीच राहणार. त्या दहाच्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाक, म्हंजे ती वाचली जाणार न्हाय, सेव्ह कर, आन् टर्मिनल नव्यानं उघड."

तिनं तसं केलं. कमांड दिली. पडद्यावर भराभरा आकडे उतरू लागले.

"काका, चाललं!"

"मग वाच की! दर फेरीला गणितातली चूक कमी व्हायलीय का?"

ती एकेक आकडा वाचत राहिली. "उतरायलीय," ते म्हणत होते, "लई छान उतरायलीय."

तिनं वाकून नमस्कार केला. "काका, तुम्ही नसता तर..."

"आगं, लोक येतेत, तब्येत इचारतेत आन् जातेत," कल्याणप्पा म्हणाले. "आठ वर्सांत कामाचं कुणी इचारलं न्हवतं. तू इचारलंस."

प्रबंधाच्या आभाराच्या पानावर वर्षाराणीनं पहिलं नाव त्यांचं घातलं. ते पान ती त्यांना वाचून दाखवायला गेली, तेव्हा त्यांच्या पत्नी पार्वतम्मा चहाचे कप हातात घेऊन दारातच थांबून ऐकत राहिल्या.