झाडूचा दांडा

"ताई, डाग वरून येतोय आणि तुम्ही तो खालून झाकताय. आधी वर जाऊन या," रंगारी म्हणाला होता. "काका, तुम्ही रंग मारा," मी त्याला उडवून लावलं. तीन आठवड्यांत डाग परत आला. छतावर, चहासारखा, आणि बरोबर माझ्या सात महिन्यांच्या लेकीच्या पाळण्याच्या वर.

मी रोज सकाळी स्टुलावर चढून डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारायचे. "डागावर प्रबंध लिहितेयस का?" नवरा हसायचा. मंगळवारी पाळण्यात हातभर पोपडा पडला. लेक कडेवर होती म्हणून वाचली. त्यानंतर तो हसला नाही, आणि मी तर पेटलेच.

प्लंबर आला. रेघा बघून म्हणाला, "ओला कधी होतो?"

"सकाळी नऊला. दुपारपर्यंत सुकायला लागतो."

"मग पाइप नाही. तो फुटला तर दिवसभर गळेल. हे आंघोळीचं पाणी आहे."

वर एक आजी एकट्या राहतात. तोंडावर काय काय फेकायचं ते पाठ करतच मी प्लंबरला घेऊन जिना चढले. तीनदा बेल वाजवली. डाग परत आल्यापासून दोनदा अशीच बेल वाजवून परतले होते. आताही वैतागून मागे वळणार, तोच आतून आवाज आला, "अगं थांब की! मी दारापर्यंत येते तर तू पळालेली असतेस."

बाथरूममध्ये पाणी जायच्या जाळीजवळचा कोपरा कोरडा ठणठणीत होता. उंबऱ्याशी मात्र फरशांच्या सांध्यांतलं सिमेंट पार धुऊन गेलं होतं. त्याखालीच आमचा पाळणा.

"आजी, दारात बसून आंघोळ करता?" प्लंबरने विचारलं.

"मग काय करू? तीन महिन्यांपूर्वी दुपारी पाय धुताना आत घसरून पडले. आता चौकट धरून बसते."

"पडलात तर हाक मारायची ना कुणाला!" मी अजून तणतणतच होते.

"घशातून आवाज निघेना गं. तांब्या आपटत राहिले फरशीवर. मग खालून तूही ठोकलंस. म्हटलं, ऐकलं पोरीने, आता येईल वर. म्हणून थांबले आपटायची."

ती दुपार मला लख्ख आठवत होती. दोन तास रडून लेकीचा नुकता डोळा लागला होता आणि वरून ठक्, ठक्. मी झाडूचा दांडा उचलून छतावर तीन दणके घातले होते. आवाज थांबला, तेव्हा "आता कसं!" असंही म्हणाले होते.

आजी संध्याकाळी कामवाल्या बाई येईपर्यंत तशाच पडून होत्या.

प्लंबरने सांधे खरवडून नव्याने भरले, भिंतीला धरायला स्टीलची दांडी ठोकली. दोन दिवस तिथे पाणी सांडायचं नव्हतं, म्हणून आजी आंघोळीला आमच्याकडे आल्या. लेकीला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "तुझी आई फार जोरात ठोकते हं."

डाग सुकला. राग नाही सुकला. दर रविवारी फोनवर "बरी आहेस ना?" विचारून मोकळा होणाऱ्या आजींच्या मुलाचा राग आहेच. पण त्याहून जास्त राग तो दांडा धरलेल्या माझ्या हाताचा आहे.

तुमच्या डोक्यावर कोण राहतं? वाचणं झालं की वर जा. बेल वाजवा. आणि दार उघडेपर्यंत तिथून हलू नका.