मसाफीची आगोट

बुधवारी दुपारी हारुनच्या फोनवर सरकारी सूचना आली. शुक्रवारपासून दोन दिवस वादळी पाऊस, डोंगराळ भागात वीज जाण्याची शक्यता, कुणी वादीत उतरू नये. वादी म्हणजे एरवी ठणठणीत कोरडी असलेली दगडगोट्यांची नदी. त्यांच्या घरापासून ती शंभर पावलांवर होती. हारुनने सूचना दोनदा वाचली आणि ताटातलं जेवण तसंच ठेवून उठला.

"अहो, शुक्रवारला अजून दोन दिवस आहेत," जुलेखा म्हणाली. "भात तर संपवा."

हारुन एकसष्ट वर्षांचा होता. त्याने सत्तावीस वर्षं शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका गोदामात स्टोअरकीपरची नोकरी केली. ती संपल्यावर आता बाडबिस्तरा आवरून गावी जायचं, असं जुलेखाने धरून ठेवलं होतं. पण जुन्या ओळखीच्या एका अर्बाबला, म्हणजे अरब मालकाला, मसाफीच्या पुढे डोंगरात असलेला आपला मजरा, म्हणजे शेतवाडी, सांभाळायला माणूस हवा होता. खजुराची तीनेकशे झाडं, बावीस शेळ्या आणि दोन खोल्यांचं घर. हारुन विचार न करता हो म्हणाला. मातीत हात घालून त्याला चाळीस वर्षं झाली होती. हाताखाली राजन नावाचा एक पन्नाशीचा गडी होता, तो नेमका महिनाभराच्या सुट्टीवर केरळला गेला होता. तेव्हा जे करायचं ते या दोघांनीच.

संध्याकाळी दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधून फिझाचा, त्यांच्या मुलीचा, फोन आला. ती आणि तिचा नवरा ओवेस तिथे राहत होते.

"अब्बा, दोन दिवस इकडे या ना. ओवेस गाडी घेऊन येईल."

"आणि शेळ्या? तुझ्या बाल्कनीत बावीस मावतील?"

"बी सीरियस, अब्बा."

"सीरियसच आहे मी. अम्मीला घेऊन जा."

"मी कुठे जात नाही," जुलेखा आतूनच म्हणाली. "यांना एकट्याला चहासुद्धा धड करता येत नाही."

मग फिझाने इंग्रजीत लिहिलेली यादी पाठवली. टॉर्च, पॉवर बँक, फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, पासपोर्ट प्लास्टिकमध्ये. हारुनने ती नीट वाचली, मान डोलावली आणि त्यातलं एकूण एक केलं. पण गुरुवारी पहाटेपासून तो जे करत सुटला, ते कुठल्याच यादीत नव्हतं.

आधी त्याने खजुराच्या वाळक्या झावळ्या तोडून आणल्या आणि अंगणात बसून त्या एकात एक विणायला घेतल्या. जुलेखा कमरेवर हात ठेवून बघत राहिली. ती मुंब्र्याची. इमारतीत वाढलेली, लग्नानंतर शारजाच्या इमारतीत आलेली.

"हे काय?"

"झाप. शेळ्यांच्या गोठ्याला पावसाच्या बाजूने लावायचे. गावी नारळाच्या झावळ्यांचे करतात. ही पानं टोचरी आहेत, पण वीण तीच."

"तुम्हाला येतं हे?"

"मलाही माहीत नव्हतं."

खरंच माहीत नव्हतं. बोटं आपोआप चालत होती. श्रीवर्धनच्या अलीकडचं त्याचं गाव, मे महिन्याची टळटळीत दुपार आणि ओटीवर झाप विणत बसलेली अम्मा त्याच्या डोळ्यांपुढे आली. अब्बा जहाजावर, वर्षाला एकदा येणारे. चार महिन्यांच्या पावसाची सगळी सोय अम्मा एकटी करायची. गावी तिला आगोट म्हणतात. लाकूडफाटा रचायचा, कौलं शाकारायची, बांगडे, सोडे, जवळा वाळवून डब्यांत भरायचा, कंदिलाच्या काचा राखेने घासायच्या. हारुन तिच्या मागे मागे असायचा. "झावळी ओढून धर रे, सैल राहिली तर वारा आत शिरतो," असं ती म्हणायची. एकोणिसाव्या वर्षी तो इकडे आला आणि पुढच्या सगळ्या आगोटी अम्माने एकटीनेच भरल्या.

दिवसभर दोघं राबली. घराभोवती चर खणला. पंप चालतोय तोवर टाकी, बादल्या, टब, अगदी बर्फाची पेटीसुद्धा पाण्याने भरून घेतली. गोठ्याचे पत्रे दोरीने आवळून बांधले, चारा फळ्यांवर उंच ठेवला. गाद्या खाटांवर गेल्या. दुसरा गॅस सिलिंडर आत आला. जुलेखाने सोड्याचं सुकं केलं आणि कुळथाच्या पिठाचा डबा हाताशी काढून ठेवला. पिठी दहा मिनिटांत होते.

"तुम्ही असं करताय," चर खणता खणता ती म्हणाली, "जसं काही महिनाभर अंधार पडणार आहे."

"पडतो कधी कधी," हारुन म्हणाला आणि पुन्हा कुदळ उचलली.

शुक्रवारी नमाजानंतर डोंगराच्या मागून काळं आभाळ चढत आलं. आधी वारा सुटला, मग गारा आणि मग असा पाऊस, की दारातून खजुराची झाडं दिसेनाशी झाली. तीनच्या सुमाराला वीज गेली. चारला वादी आली. पाण्याच्या आवाजाआधी दगड एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला, ट्रकमधून खडी ओतावी तसा. जुलेखाने हारुनचा हात घट्ट धरला. पाणी रस्त्यावरून वाहत गेलं, अंगणाच्या कडेपर्यंत आलं, चरात वळलं आणि खालच्या अंगाला निघून गेलं. गोठ्यात झाप थरथरत होते, पण शेळ्यांच्या पायाखाली कोरडं होतं.

संध्याकाळी पिठीभात खाताना हारुनने फोन पाहिला. बॅटरी भरलेली, पण रेंज नाही. टॉवरचीही वीज गेली असणार. त्याने फोन वर धरला, खिडकीत धरला, अंगणात भिजत जाऊन धरला.

"उद्या येईल रेंज, इन्शाल्ला," जुलेखा म्हणाली. "आपल्याकडे सगळं आहे की."

"आपल्याकडे आहे. फिझाकडे काय आहे?"

सकाळी पाऊस थांबला होता, रेंज आली नव्हती. रस्त्याच्या जागी चिखल आणि दगड. हारुनने बूट चढवले. मागच्या डोंगरावर, दीडेक तासाच्या चढावर, एक मोकळी धार, म्हणजे डोंगरमाथ्याची कड होती. तिथून मसाफीचा टॉवर समोर पडत होता. त्याचा डावा गुडघा दुखरा, म्हणून जुलेखाही निघाली. पावसाने पायवाट निसरडी झाली होती. अर्ध्या वाटेत दम लागून तो एका दगडावर बसला आणि तेव्हा बोलला.

"ते जूनमधलं चक्रीवादळ आठवतं? लॉकडाऊनमधलं?"

जुलेखाला आठवत होतं. विमानं बंद होती. अम्मा गावी एकटी होती.

"नऊ दिवस तिचा फोन लागत नव्हता. मी गोदामात बसून दर पाच मिनिटांनी लावायचो. दहाव्या दिवशी फोन आला. बाजूच्या बिलकीसला बरोबर घेऊन ती टेकडीवर चढली होती, ऐंशीला टेकलेली बाई, पडलेल्या झाडांवरून. म्हणाली, 'मी बरी आहे, कौलं गेली.' आणि मी तिच्यावर ओरडलो. कशाला चढलीस, पाय मोडला असता तर, म्हटलं. ती म्हणाली, 'तुझा जीव टांगणीला लागला असेल, म्हणून आले.' एवढंच. दीड महिना गावात वीज नव्हती, तेही मला नंतर दुसऱ्याकडून कळलं."

 त्यानंतर दीड वर्षात अम्मा गेल्या, तेव्हा हारुन किती दिवस बोलला नव्हता, ते जुलेखाने पाहिलं होतं. ती उठली आणि त्याला हात दिला.

धारेवर पोचताच फोन एकसारखा थरथरायला लागला. फिझाचे एक्केचाळीस मिस्ड कॉल. त्याने लावला, तर पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिने उचलला.

"मी बरा आहे," हारुन घाईने म्हणाला. "अम्मी बरी आहे. शेळ्या बऱ्या आहेत. डोंगरावरून बोलतोय."



"मी मसाफीला उभी आहे, अब्बा. सकाळी सहापासून. पोलीस पुढे सोडत नाहीत. डू यू हॅव एनी आयडिया काय झालंय माझं?"

"आहे," हारुन म्हणाला. "चांगलीच आहे."

मग ती रडली. त्याने तिला रडू दिलं. ओरडली, "गुडघा दुखतोय आणि डोंगर कशाला चढलात?" तेव्हा त्याने फोन जुलेखाच्या हातात दिला आणि पाठ वळवून डोळे पुसले.

रविवारी दुपारी रस्ता मोकळा झाला, रेंजही आली. ओवेस, फिझा आणि त्यांची सहा वर्षांची सफा चिखलाने माखलेल्या गाडीतून उतरली. वीज अजून आली नव्हती. सफा गोठ्यात गेली, झापावर हात फिरवला, "नाना, डिड यू मेक धिस?" म्हणाली आणि उत्तराची वाट न पाहता शेळ्यांच्या मागे लागली. खजुराची अकरा झाडं पडली होती आणि पंपाच्या खोलीत गाळ भरला होता. बाकी सगळं जागच्या जागी होतं. अर्बाबने फोनवर तीनदा अल्लाचे आभार मानले.

जेवणं झाल्यावर फिझा बापाजवळ येऊन बसली. अम्मीने तिला डोंगरावरचं बोलणं सांगितलं होतं.

"दादीचं हे मला कधी सांगितलं का नाहीत?"

"सांगायला तोंड नव्हतं," हारुन म्हणाला. "तिचं घर अजून तसंच बंद आहे. वर नुसती ताडपत्री आहे."

"मेमध्ये मला दोन आठवडे लीव्ह मिळेल."

"मेमध्ये फार उकडतं गावी. सफाला सोसायचं नाही."

"सोसेल. तुम्ही सांगा, गावी येऊ का?"

हारुनने जुलेखाकडे पाहिलं. ती ताटं आवरत होती. हात थांबले होते, पण ती वर बघत नव्हती.

"ये," तो म्हणाला. "महिन्याच्या सुरुवातीला ये. तेव्हा कौलं चढवायला माणसं मिळतात."