तिसऱ्या मजल्यावरचं पाणी

सत्तावन्न साल. लवू कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होता आणि डिलाईल रोडच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमुळे त्याला वर्तमानपत्राची गोडी लागली होती. सुट्टीच्या दिवशी गॅलरीत बसून तो शेजाऱ्यांना बातम्या मोठ्याने वाचून दाखवी.

"ऐका! पहिल्या पंचवार्षिक योजनेत देशाचं उत्पन्न चांगलंच वाढलं. कापडसुद्धा भरपूर निघालं."

त्याला खरंच अभिमान वाटत होता. त्यातलं थोडं कापड त्याच्या हातचं होतं.

तेवढ्यात त्याची बायको शांता खालच्या नळावरून भरलेला हंडा घेऊन वर आली. सातवा महिना होता तिला. कठड्याला टेकून दम खात ती म्हणाली, "एवढा वाढला, मग पाणी वर कित्याक येणा नाय?"

सगळे हसले. लवू नाही हसला. पुढचा हंडा आणायला तो स्वतः उतरला. नळावरच्या बायका पदर तोंडाला लावून खुदखुदल्या. तिसऱ्या खेपेला हंडा दारातच टेकवून तो खाली बसला.

"रोज तू ह्यां करतंस?"

"माका वाटला, तुमका म्हायत आसा."

लवू घरमालकाच्या मुनिमाकडे खेटे घालू लागला. पाइप गंजलाय, वर दाब मिळत नाही, एवढंच उत्तर. शेवटी शेजारच्या मीराबाई भडकल्या. "मोर्चात घसा फोडतो आपण, मग इथं गप्प का?"

बायका रिकामे हंडे घेऊन गिरगावात मालकाच्या दारात जाऊन बसल्या. लवू गिरणीतली पाळी बुडवून शांताशेजारी बसला. मालकाची म्हातारी आई बाहेर आली, शांताकडे बघत राहिली आणि आतल्या मुलाला ओरडली, "रघुवीर, ही पोर तीन मजले पाणी वाहते?"

महिन्याभरात वर नवा नळ बसला. प्लंबर म्हणाला, "मागे पाइपच मिळत नव्हता हो. हल्ली बाजारात माल येतो."

"बघ, योजना!" लवू म्हणाला.

"आमी बसलंव नसतंव तर पाइप दुकानातच ऱ्हवलो असतो."



मुलगी झाली. बारशाच्या सकाळी शांताने तिला मोरीत तांब्यावर तांबे ओतून न्हाऊ घातलं. लवू दारातून सारखा म्हणत होता, "पुरे गो, सर्दी होतली!" शांताने मुळीच ऐकलं नाही.