दोन बोटं माया

गणवेशाच्या कारखान्यात कापड बेतायचं काम मास्तरांचं. शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात त्याला माया म्हणतात, आणि मास्तरांचा हात त्या बाबतीत भलताच सैल. चांगली दोन बोटं माया सोडायचे. शिलाईवरच्या बायका चिडवायच्या, "मास्तरांची माया कपड्यात, मालकांची माया बँकेत!" मास्तर खुशाल हसायचे.

मग त्यांच्या टेबलावर कॅमेरा लागला. नवं यंत्र म्हणे बघून बघून शिकणार होतं. दुसरा कुणी असता तर बिथरला असता. आमचे मास्तर पडले भोळे सांब! यंत्राला नीट दिसावं म्हणून कात्री हळू चालवायचे, आपल्या चष्म्याबरोबर त्या कॅमेऱ्याची काचही पुसायचे.

यंत्राला शिकवायला आलेल्या मुलीनं एकदा विचारलं, "काका, एवढं कापड आत कशाला? यंत्राला कळतच नाही."

"अगं, पोरं वाढतात. आई शिवण उसवते, कपडा सैल करते. गणवेश आणखी दोन वर्षं निघतो."

"दोन वर्षं?" मागून मालकांचा आवाज आला. मास्तरांना ती शाबासकी वाटली.

यंत्र हुबेहूब मास्तरांसारखं बेतू लागलं. गळ्याची गोलाई तीच, खांद्याचा उतार तोच. माया तेवढी गेली. कापड वाचलं, शिवाय गणवेश दरवर्षी नवा घ्यावा लागू लागला. मालकांनी शेजारची इमारत घेतली. शिलाईलाही यंत्रं आली, तिथल्या निम्म्या बायका घरी बसल्या आणि मास्तरांना निरोपाचा चहा मिळाला. "माणूस चालला तरी तुमचा हात इथंच राहणार, मास्तर," मालक म्हणाले. वर पाठही थोपटली.

वर्षभरात घराची पार ओढाताण झाली. त्यात नात अशी वाढली, की तिच्या गणवेशाची बटणं लागेनात. नवा घेणं शक्यच नव्हतं.

"रडतेस काय वेडे? आजोबा कशाला आहेत?" मास्तरांनी चष्मा चढवला. गळ्याची गोलाई बघताच त्यांनी ओळखली. आपलाच हात! त्या भरवशावर त्यांनी एक बाजू काखेपासून खालपर्यंत सरसर उसवली.

आत काही नव्हतं. दोरा जेमतेम धरेल एवढीच कड होती, तीही उसवताना विरली.

त्यांचा विश्वास बसेना. कारागिराच्या हातून एखादी बाजू राहते कधीकधी, असं पुटपुटत त्यांनी दुसरीही उसवली. मग दोन्ही उसवलेल्या बाजू मांडीवर घेऊन ते तसेच बसून राहिले. डोळ्यांतलं पाणी चष्म्याखालून गणवेशावर पडत होतं.

नात जवळ आली आणि उसवलेल्या गणवेशाकडे बघून हळूच म्हणाली, "आजोबा, मग उद्या मी काय घालू?"