काळा पडलेला चौकोन

मित्रांनो, माझा आवाज ऐकलात तर मी किती जुना आहे हे वेगळे सांगायची गरज उरणार नाही. चालू होताना मी धापा टाकतो आणि बंद होताना असा हादरतो की माझ्यावर ठेवलेली पेन्सिल घरंगळून खाली पडते. मी सरकारी दवाखान्यातला लसींचा फ्रीज आहे. माझे झाकण पेटीसारखे वर उघडते. एकदा नव्याने आलेल्या डॉक्टरांनी आपला जेवणाचा डबा माझ्यात ठेवला होता. नर्सबाईंनी तो काढून खिडकीत ठेवला आणि एवढेच म्हणाल्या, "इथं फक्त लेकरांचं राहतं, साहेब."

कारखान्यात मला घडवले तेव्हा माझ्या भिंती मुद्दाम जाड केल्या. दोन अंशांच्या खाली उतरायचे नाही आणि आठच्या वर चढायचे नाही, एवढेच माझे काम. ऐकायला सोपे वाटते. तीस वर्षे करून पाहा म्हणजे कळेल.

माझ्या उमेदीच्या काळात या दवाखान्याचा केवढा दबदबा होता! बँकेतल्या साहेबांची सून आणि रस्ता झाडणाऱ्याची बायको एकाच बाकावर बाळे घेऊन बसत. आत जाताना कुणी कुणाला ऐपत विचारत नसे. एक बडे अधिकारी तपासणीला आले आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. खोटे कशाला बोलू, मी त्या दिवशी फुगलो होतो. बाई मात्र नेहमीसारख्याच. सकाळ-संध्याकाळ माझा तापमापक बघायचा आणि झाकणावर चिकटवलेल्या कागदावर आकडा लिहायचा, हा त्यांचा नेम कामाच्या दिवशी कधी चुकला नाही.

पुढे गावच्या सभागृहात दोन तट पडले. एक तट म्हणे, सगळ्यांना सगळे फुकट देणे आता झेपत नाही. दवाखाना एखाद्या कंपनीला चालवायला द्या, ज्याला परवडेल तो पैसे मोजील. दुसरा तट म्हणे, आजार माणसाची ऐपत बघून येत नाही, मग औषधाने का बघावी? पहिल्या तटातली माणसे दुष्ट नव्हती. तिजोरीत खडखडाट होता, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. पण ही भांडणे चालू असताना दरवर्षी गुपचूप काहीतरी कापले जाई. आधी रात्रपाळीचा पहारेकरी गेला, मग माझी देखभाल करणारा मेकॅनिक. शेवटी जनरेटरचे डिझेल गेले. माझ्या पायाला गंज चढला तेव्हा बाईंनी घरून रंग आणला.

आणि मग ते तीन दिवस आले. जोडून सुट्ट्या होत्या. शुक्रवारी दुपारी वीज गेली. बाहेर ऊन मी म्हणत होते. जनरेटर शेजारच्या खोलीत उपाशी उभा होता आणि हाक मारायला कुणी नव्हते. मित्रांनो, मी माझी थंडी मुठीत धरून ठेवायचा फार प्रयत्न केला. शनिवारी मी आठ ओलांडले. रविवारी किती चढलो ते मला सांगवत नाही.

सोमवारी सकाळी बाईंनी झाकण उघडले. काटा सव्वीसवर होता. त्यांनी एक कुपी हातात घेतली. अशा कुपीवर गोल असतो आणि गोलात पांढरा चौकोन. लस उष्णतेने बिघडली की तो चौकोन काळा पडतो. बाईंनी एकामागून एक कुप्या पाहिल्या. एकही चौकोन पांढरा नव्हता. जवळ उभ्या असलेल्या आयामावशींनी हातातला झाडू भिंतीला टेकवला.

तासाभरात बाईंचे थोरले भाऊ आले. ते सभागृहाचे सभासद. दवाखाना वाचवायला झटणाऱ्या तटाचे तेच पुढारी.

"किती खराब झाल्या?"

"सगळ्या."

"कुणाला कळलंय?"

"मला, मावशींना आणि याला," असे म्हणून बाईंनी माझ्यावर हात ठेवला.

दादा खालच्या आवाजात बोलू लागले. "हे बघ, गुरुवारी सभागृहात दवाखान्यावर मतदान आहे. एका-दोघांवर सगळं अडलंय. ही बातमी फुटली तर ते म्हणतील, ज्यांना एक फ्रीज सांभाळता येत नाही ते दवाखाना काय सांभाळणार! त्यांच्या हातात आयतं कोलीत कशाला द्यायचं? तू कागदावर पाच लिही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि परवा बुधवारी लेकरांना काय टोचू?"

"हेच टोच. यानं अपाय तर होत नाही ना?"

"अपाय होत नाही. उपयोगही होत नाही. आई बिनघोर घरी जाईल आणि उद्या घरात गोवर शिरला तर कुठं चुकलं हे तिला कळणारही नाही."

"एकच बुधवार गं! पुढच्या महिन्यात पुन्हा टोच. दवाखाना टिकला तर किती लेकरं वाचतील, त्याचा विचार कर."

मित्रांनो, मला तेव्हा दादांचे पटू लागले होते. हे कबूल करायला आजही लाज वाटते. माझी चूक झाकली जाणार होती ना!

बाईंनी कपाटातून लसीकरणाची वही काढली. "तुझ्या नातीची गोवराची लस याच बुधवारी आहे, दादा. तिच्यापासून सुरुवात करू?"

दादा उभे होते ते खाली बसले. "नको," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "डिझेल कापायच्या ठरावावर माझीही सही आहे. त्या बदल्यात बाळंतिणींची खोली वाचवली होती मी. वाटलं, वीज जाऊन जाऊन जाणार किती!"

"मग गुरुवारी तेही सांग," बाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या कागदावर ठळक अक्षरात सव्वीस लिहिले.

बुधवारी एक्केचाळीस आया आल्या. बाई दारात उभ्या राहिल्या. प्रत्येकीला त्यांनी कुपी दाखवली. "हा चौकोन पांढरा हवा. बघ, काळा झालाय. आज लस देत नाही. पुढच्या बुधवारी नवी येतेय." दोन तास चालत आलेली एक बाई भडकली. "फुकटचं आहे म्हणून आम्हाला काहीही चालतं का?"

"चालत नाही, म्हणूनच परत पाठवतेय," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

गुरुवारचे मी पाहिलेले नाही. मावशींनी मला पुसता पुसता सांगितले ते असे. सभागृहाचे अध्यक्ष पहिल्या तटाचे. बाईंनी वर पाठवलेल्या, सव्वीस लिहिलेल्या कागदाची नक्कल त्यांनी सभेत फडकवली. दादा उठले. त्यांच्याच माणसांनी सदरा ओढला, तरी त्यांनी आपल्या सहीची गोष्ट सांगितली. तेवढ्यात बघ्यांमधून कालची ती भडकलेली बाई उभी राहिली.

"काल मी नर्सबाईंना नाही नाही ते बोलले. घरी गेल्यावर डोक्यात आलं, यांनी टोचलं असतं तर मला पत्ताही लागला नसता. उद्या कंपनीच्या फ्रीजची वीज गेली, तर कंपनी माझ्यासाठी अशी दारात उभी राहील का? तेवढं सांगा, मग खुशाल मत द्या."

अध्यक्षांनी तिला बसायला सांगितले. मग मतदान घेतले. मते समसमान पडली आणि विषय उपसमितीकडे गेला. माझ्यात वस्तू टिकाव्यात म्हणून ठेवतात. उपसमितीत कशासाठी ठेवतात ते मोठ्यांना विचारा. पण त्याच सभेत डिझेल पुन्हा मंजूर झाले. विरोधात एकही हात वर झाला नाही.

पुढच्या बुधवारी मी नव्या लसी पोटात घेऊन चार अंशांवर तयार होतो. बाई मात्र सारख्या दाराकडे बघत होत्या. एकदा हात हलवत गेलेली माणसे परत येतील का, हीच भीती त्यांना पोखरत होती. नऊ वाजले. बाक रिकामाच. सव्वानऊला दोन तास चालत येणारी ती बाई आली. बाळाला मांडीवर घेऊन ती म्हणाली, "बाई, आधी चौकोन दाखवा."

मग ज्या आल्या त्या सगळ्यांनी तेच मागितले. बाईंनी एकेकीला कुपी उजेडात धरून दाखवली. काम दुपारपर्यंत लांबले आणि कुणी कुरकुर केली नाही. दादा नातीला घेऊन रांगेत बसले होते. त्यांनी चष्मा लावून सगळ्यांत जास्त वेळ बघितले. एक्केचाळीसपैकी एकोणचाळीस लेकरे आली. राहिलेल्या दोघांकडे बाई लसींचा बर्फाचा डबा खांद्याला लावून चालत गेल्या. एकाला उंबऱ्यातच लस मिळाली. दुसरे घर गाव सोडून गेले होते. त्या लेकराचे नाव बाईंनी वहीतून अजून खोडलेले नाही.

मित्रांनो, उपसमितीचा निर्णय यायचा आहे. माझेही फार दिवस उरलेले नाहीत. म्हणून एक सांगून ठेवतो. दवाखान्याला कुलूप लागते त्या दिवशी सगळे गोळा होतात, ओरडतात, रडतात. पण त्याच्या कितीतरी आधी एका कागदावर डिझेलची एक ओळ कुणीतरी खोडलेली असते आणि ती कुणी वाचलेली नसते. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. मोठे व्हाल तेव्हा ती ओळ वाचा, आणि ती खोडली जात असेल तर तिथे उभे राहा.