फाटकावरचा जोड

सोमवारी कामावर रुजू व्हायचं होतं आणि वेन्डेल हुदाककडे कामाचे बूट नव्हते. ज्याच्या बायकोने निम्मं आयुष्य बुटांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर काढलं, त्याच्या पायात घालायला बूट नाहीत! गावात कुणाला सांगितलं असतं तर तो पोट धरून हसला असता. पण आधी मार्लीनचा बुटांचा कारखाना बंद पडला, मग वेन्डेलचा पोलादाचा. आता साठीला टेकलेला वेन्डेल हमरस्त्यालगतच्या एका अवाढव्य गोदामात सरकते पट्टे दुरुस्त करायला जाणार होता. हत्यारं स्वतःची आणा आणि बूट पोलादी चवड्याचे घाला, असं तिथल्या पोरसवदा साहेबाने बजावून ठेवलं होतं.

शुक्रवारी सकाळी नवराबायको पिकअपमध्ये बसून निघाले. मार्च संपत आला होता. ओहायोतला मार्च कसला, थंडीच ती, फक्त चिखल जास्त. रस्त्याच्या कडेला काळं पडलेलं बर्फ, काचेवर रस्त्यातल्या, बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाचे ओघळ. वेन्डेलला रात्रभर डोळा लागला नव्हता. मार्लीनलाही लागला नसावा, पण तसं सांगणाऱ्यातली ती नव्हे.

"एक सांगून ठेवते," ती म्हणाली, "बाहेरदेशचं काही घ्यायचं नाही."

"मी कधी घेतलंय?"

"नाही घेतलंस. घ्यायची वेळच आली नव्हती तुझ्यावर. आज येईल, म्हणून आधीच सांगतेय."

पहिली फेरी ओटिस फ्लॅनरीच्या जुन्या हत्यारांच्या दुकानात झाली. नवी हत्यारं बाजारात ढिगाने मिळतात, लाल डब्यांत, वर झेंडा छापलेली. पण पलटून बघावं तर नाव भलत्याच देशाचं. म्हणून इकडची माणसं ओटिसकडे जातात. त्याचा माल इथलाच, जुना, हातात धरला की मनगटाला वजन कळणारा. आणि प्रत्येक पान्यावर कुणाची ना कुणाची आद्याक्षरं. कारखान्यात ती कोरावीच लागायची, नाहीतर जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाना दुसऱ्याच्या पेटीत जाऊन बसायचा. आता ती सगळी अक्षरं ओटिसच्या टेबलांवर एकत्र पडली होती. वेन्डेल एकेक पाना उचलून बघत होता. हा डॅरिलचा, डॅरिल लेकीकडे टेक्सासला गेला. हा म्हाताऱ्या सॅबोचा; तो तर जगातूनच गेला.

"ते ठेव खाली, तुझं इथे आहे," म्हणत ओटिसने टेबलाखालून एक हिरवी पत्र्याची पेटी पायाने पुढे ढकलली.

वेन्डेलने झाकण उघडलं आणि तो बघतच राहिला. "अरे, ही माझीच पेटी!"

"मग? तूच नाही का आणून टाकलीस? घेऊन जा म्हणालास, डोळ्यांसमोर नको."

"आणि चार वर्षांत तुला गिऱ्हाईक नाही मिळालं?"

"विकायला काढली असती तर मिळालं असतं, लेका. काढलीच नाही. म्हटलं, येशील कधीतरी. सगळेच येतात." ओटिसने नाक पुसलं. "ज्या भावात घेतली त्याच भावात ने. आणि आभार वगैरे मानू नकोस, मला जड जातं."

वेन्डेलला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आपलंच सामान आपण विकत घेतोय, यात बरं वाटण्यासारखं काय होतं? मार्लीनने एका पान्यावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"पेटी परत मिळाली," ती म्हणाली. "नशीबवान आहेस."

त्या बोलण्यात कुठेतरी काटा होता. पण वेन्डेल इतका दमलेला होता की काटा कुठला, हे शोधायचं त्राण त्याच्यात नव्हतं.

मग बुटांची दुकानं सुरू झाली. बायकोबरोबर बूट घ्यायला जाणं वेगळं आणि बूट शिवणाऱ्या बायकोबरोबर जाणं वेगळं! मार्लीन बूट हातात घेई, उलटा करी, तळ वाकवून बघे, आत मूठ घाली आणि तळ नि कातडं जिथे भेटतात त्या शिवणीवरून नख ओढत नेई. नख थांबलं की बूट नापास.

"हा चिकटवलाय. शिवण नुसती दिखाऊ आहे."

"पण मॅडम, यावर झेंडा आहे," विक्रेता म्हणाला.

"झेंडा आहे रे बाबा. आत, नाड्यांखालच्या जिभेवर काय लिहिलंय ते वाच की."

त्याने डोळे बारीक करून वाचलं. "आखणी अमेरिकेत."

"बघ. आता आखणी घालून चालायचं का याने?"

दुसऱ्या दुकानातही तेच झालं. दुपारी चर्चच्या तळघरात ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारची, मटणाऐवजी असते ती तळलेली मासळी नि कोबी घातलेल्या शेवया खाल्ल्या. तिथे भेटणारा प्रत्येक जण वेन्डेलच्या पाठीवर थाप मारून म्हणत होता, "काय, सोमवारपासून ना?" वेन्डेल मान हलवत होता. कधी एकदा घरी जाऊन आडवा होतो असं त्याला झालं होतं.

तिसरं दुकान क्लाइड बेअर्डचं. जुनं, लाकडी फळ्यांचं, आत कातड्याचा वास. क्लाइड शिडी लावून वर चढला आणि सगळ्यात वरच्या फळीवरून धुळीने भरलेला खोका घेऊन उतरला. "हे एकच आहेत. विस्कॉन्सिनमध्ये केलेले. दोन-तीन मापांत शिल्लक आहेत, पुढे मिळतील की नाही देव जाणे."

मार्लीनने बूट घेतला. नख शिवणीवरून चवड्याला वळसा घालून पुन्हा टाचेपर्यंत आलं, कुठेही न थांबता. तिने तळ पुन्हा एकदा वाकवून बघितला.

"चांगला शिवलाय कुणीतरी," शेवटी ती म्हणाली. दुसऱ्याच्या पोराचं कौतुक करावं लागलं की आवाज जसा होतो, तसा तिचा आवाज झाला होता.

वेन्डेलने बूट चढवले. उजवा असा बसला की जणू त्याच्यासाठीच केलेला. डावा मात्र पकडीत धरल्यासारखा चावत होता. क्लाइडने एक माप मोठा जोड दिला. आता डावा झकास, तर उजव्यातून टाच दर पावलाला बाहेर निघत होती.

"हल्ली इथलेसुद्धा धड करत नाहीत," वेन्डेल वैतागून म्हणाला. "एक सैल, एक घट्ट."

"बसा, पाय मोजतो तुमचे," क्लाइड म्हणाला.

"मोजायचं काय त्यात?" मार्लीन एकदम म्हणाली. "मोठा जोड द्या. उजव्या पायात दोन मोजे घालेल तो."

पण क्लाइड गुडघ्यावर बसलासुद्धा होता. त्याने लोखंडी पट्टीवर आधी उजवा पाय ठेवला, मग डावा. मग डावा पुन्हा एकदा. "हा चांगला एक मापाने मोठा आहे. वरचं हाडही उचललंय. मोडला होता का कधी?"

"नाही," वेन्डेल म्हणाला. सवयीने म्हणाला. इतकी वर्षं तो हेच म्हणत आला होता.

पाय मोडला होता. चांगला मोडला होता. क्रेनची साखळी सुटून पायावर पडली, तेव्हा कारखान्याच्या दारातल्या मोठ्या फळ्यावर अपघाताविना गेलेल्या दिवसांचा आकडा वर्षाला भिडत आला होता. वर्ष पूर्ण झालं की अख्ख्या खात्याला जाकिटं मिळणार होती, पाठीवर खात्याचं नाव असलेली. वेन्डेलने तोंडातून आवाज काढला असता तर आकडा शून्यावर आला असता आणि सगळ्यांची जाकिटं त्याच्या पायापायी गेली असती. त्याने बुटाची नाडी करकचून आवळली आणि पाळी पुरी केली. दवाखाना नाही, सुट्टी नाही. घरी मार्लीनने बूट कात्रीने कापून काढला होता. जाकिटं मिळाली. त्याचं अजून कपाटात आहे.

"मोडला नाही तर मग कमालच म्हणायची," क्लाइड म्हणाला. "आणि आजवर बूट कुठून घेत होतात?"

"दुकानात यायची वेळच आली नाही. ही आणायची, तिच्या कारखान्यातून. कधी चावले नाहीत बुवा."

क्लाइडने मान वर करून मार्लीनकडे बघितलं. मार्लीन मोज्यांच्या दांडीकडे बघत होती. वेन्डेलच्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला, पण पडला.

"मार्लीन."

"लोकरीच्या मोज्यांचे भाव बघ काय चढलेत."

"मार्लीन, माझे बूट दोन्ही एका मापाचे असायचे ना?"

"नसायचे," ती म्हणाली आणि पर्स उचलून दुकानाबाहेर गेली.

"तुम्हाला दोन जोड घ्यावे लागतील, साहेब," क्लाइड हळूच म्हणाला. "एकातला डावा, एकातला उजवा." वेन्डेल म्हणाला, उद्या सांगतो, आणि तिच्या मागोमाग निघाला.

ती पिकअपमध्ये जाऊन बसली होती. वेन्डेलने किल्ली फिरवली, हीटर घरघरायला लागला, पण त्याने गाडी हलवली नाही.

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तुझा पाय मोडलाच नव्हता ना!" मार्लीन समोर बघत म्हणाली. "सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून तू हट्टाने सारख्या मापाचे घालून लंगडत गेला असतास. आमच्यातली डोलोरेस साच्यांवर बसायची. तिला म्हणायचे, डाव्याला मोठा साचा लाव. शिवण मी घालायचे. तपासनीस खिडकीबाहेर बघायचा. यंत्रांच्या अख्ख्या ओळीला ठाऊक होतं, तू सोडून."

हीटरचा गरम वारा नुसता गुडघ्यांवर येत होता.

"शेवटच्या आठवड्यात आम्हाला घरच्यासाठी एकेक जोड करू दिला," ती पुढे म्हणाली. "कुणी स्वतःला केला, कुणी पोरांना. मी तुला केला. म्हटलं, यापुढे याला कोण करून देणार? दुहेरी शिवण घातली. निवृत्त होईपर्यंत टिकावा म्हणून. आणि तो तू तुझ्या कारखान्याच्या फाटकावर टांगलास. सगळ्यांच्या आधी. टीव्हीवाल्यांना हात हलवून दाखवत."

वेन्डेलला ती दुपार आठवली. शेवटची पाळी सुटली तेव्हा कुणीतरी म्हणालं, बूट इथेच ठेवून जाऊ. बघता बघता सगळ्यांनी नाड्या बांधून बूट कुंपणाच्या जाळीवर फेकले. तो नुसत्या मोज्यांवर घरी आला होता. मार्लीनने सूप वाढलं होतं आणि एवढंच म्हणाली होती, पाय ओले झालेत, पुसून घे.

"तेव्हा बोलली नाहीस."

"तेव्हा तुझं सगळंच गेलं होतं. त्यात मी बुटांचं रडगाणं कुठे गाऊ?" आता तिचा आवाज फाटला. "पण पेटी तू विकलीस तरी, वेन्डेल. माझं तू फुकट टांगून आलास."

त्याने गाडी घराकडे वळवली नाही, नदीकडे वळवली. मार्लीनला रस्ता कळला. फाटकापाशी पोचले तेव्हा उजेड मावळायला आला होता. आत काहीच उरलं नव्हतं, नुसतं सपाट मैदान. कुंपण तेवढं उभं होतं आणि त्यावर बूट.

"मी उतरणार नाही," मार्लीन म्हणाली. "चार वर्षं मी लांबच्या रस्त्याने बाजारात जातेय, या फाटकापायी."

वेन्डेल एकटाच उतरला. आपला जोड कुठे टांगला ते त्याला पक्कं आठवत होतं: बिजागरीशेजारी, वरच्या तारेवर. पण तिथे एकावर एक कितीतरी जोड लटकले होते, काही वाऱ्याने घसरले होते, काही खाली पडले होते. आणि सगळे मार्लीनच्याच कारखान्याचे. सगळं गाव तेच बूट घालायचं, त्याचा केवढा अभिमान! आता उन्हापावसाने सगळे एकाच राखाडी रंगाचे झाले होते. कुणाचे कुठले, काही कळत नव्हतं.

मग त्याने हाताला लागला तो जोड ओढला, दोन बुटांचे तळ एकमेकांना लावले, टाचेला टाच. चवडे जुळले. त्याने तो सोडून दिला. पुढचा घेतला. जुळले. त्याच्या पुढचा. बोटं गारठली, पाठीतून कळ येऊ लागली. कधी नाडी गोठलेली, कधी आत पाणी नि कुजलेली पानं. तो टाचेला टाच लावत राहिला. जुळले, जुळले. सगळ्या गावाचे पाय सारखे, च्यायला, एक माझाच तेवढा! अंधुक झालं तसं त्याला दिसेनासं झालं आणि त्याचे डोळे भरून आले. एवढं साधं काम. इतकी वर्षं रोज सकाळी नाड्या बांधल्या, पण शेजारी शेजारी ठेवून कधी बघितलं नाही.

मागून पिकअपचे दिवे लागले. मार्लीनने लावले होते. ती आतच बसून होती.

त्या उजेडात त्याने अजून एक जोड ओढला, टाचेला टाच लावली आणि चवड्यांकडे बघितलं. डावा करंगळीच्या नखाएवढा पुढे आलेला होता.

जोड घेऊन तो गाडीत बसला. मार्लीनने गाडीतला दिवा लावला आणि बूट मांडीवर घेतले. कातडं भेगाळून कडक झालं होतं, जीभ फाटली होती. हे आता पायात जाणार नाहीत, ते त्यालाही दिसत होतं. तिने शिवणीवर नख ठेवलं आणि चवड्याभोवती फिरवत टाचेपर्यंत आणलं. नख कुठेही थांबलं नाही.

"माझं चुकलं, मार्लीन," वेन्डेल म्हणाला. "पाय मोडला होता माझा."

"माहितीये."

"फार दुखायचा."

"तेही माहितीये," ती म्हणाली. "उद्या क्लाइडकडे जाऊ. दोन जोड घेऊ."

"आणि उरलेले दोन बूट? डावा लहान, उजवा मोठा. त्यांचं काय करायचं?"

मार्लीनने काचेतून कुंपणाकडे बघितलं. "ते आण की इथे. टांग. या वेळी मी हात हलवते."

वेन्डेल हसला, आणि मग त्याला हसवेना. त्याने गाडी सुरू केली. मांडीवरच्या बुटांतलं पाणी तिच्या चांगल्या कोटावर ठिबकत होतं, पण घर येईपर्यंत तिने ते खाली ठेवले नाहीत.